फ्रेंचची परीक्षा आणि रोजची फ्रेंच: थोडं घ्या, पण जिभेवर बसेपर्यंत घ्या

फ्रेंचच्या सहा पातळ्यांपैकी चौथी म्हणजे बी२. तिच्या तोंडी परीक्षेत मी सहा-सात मिनिटं न अडखळता बोललो. विषय होता घरून काम करण्याचा. मुद्दे तयार होते, जोडशब्द जागच्या जागी होते, शेवटचं वाक्य तर घोटून पाठ केलेलं. माझं झाल्यावर समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "ए वू, वू फेत कॉमाँ?" म्हणजे, "आणि तुम्ही कसं करता?" पहिल्या दोन-तीन महिन्यांत शिकतात तसा प्रश्न. मी गप्प. डोक्यात 'दूरस्थ कार्यपद्धतीचे सामाजिक परिणाम' होते, पण 'मी सकाळी आठला बसतो आणि मधे दोनदा उठतो' हे काही केल्या तोंडातून येईना.

पास झालो, पण काठावर. त्या दिवशी कळलं की समजणारी फ्रेंच वेगळी आणि सुचणारी फ्रेंच वेगळी. पहिली पुस्तकं वाढवून वाढते. दुसरी तेच थोडं साहित्य पुन्हा पुन्हा तोंडातून आणि हातातून गेल्यावर येते. पुढे जे लिहिलंय ते सगळं या दुसरीसाठी आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट. इथे फ्रेंच शब्द देवनागरीत लिहिलेत, तो या लेखाचा नाइलाज. तुमच्या वहीत हे करू नका. देवनागरीत लिहिलेली फ्रेंच मराठी उच्चारातच अडकून राहते.

आधी परीक्षा ठरवा, मग पुस्तक घ्या

बरेच जण आधी पुस्तक विकत घेतात आणि परीक्षा नंतर शोधतात. उलट करा. डेल्फ आणि डाल्फ या फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाच्या पदविका आहेत. १९८५ साली सुरू झालेल्या या परीक्षांचं काम फ्रान्स एज्युकास्यों अँतेर्नास्योनाल ही संस्था बघते. ए१, ए२, बी१, बी२ म्हणजे डेल्फ. सी१, सी२ म्हणजे डाल्फ. पातळी तुम्ही निवडायची, त्याच पातळीचा पेपर द्यायचा, पास किंवा नापास व्हायचं. एकदा मिळालेली पदविका आयुष्यभर चालते.

टीसीएफ आणि टेफ या फ्रेंचच्या दुसऱ्या दोन परीक्षांचा स्वभाव वेगळा. तिथे नापास असं काही नसतं. सगळ्यांना एकच पेपर, आणि तुम्ही कुठल्या पातळीवर आहात ते निकाल सांगतो. मात्र तो निकाल दोनच वर्षं ग्राह्य धरतात.

म्हणून 'कशासाठी हवीय' यावर निवड ठरते. फ्रान्समधल्या विद्यापीठात जायचंय तर डेल्फ बी२ किंवा डाल्फ सी१ सोयीची, कारण ती हातात असेल तर प्रवेशाच्या वेळी पुन्हा भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही. अभ्यासक्रमाची स्वतःची अट मात्र वेगळी तपासा. फ्रेंच नागरिकत्वासाठी १ जानेवारी २०२६पासून बी२ लागते आणि दहा वर्षांच्या निवासपत्रासाठी बी१. जुन्या लेखांत अजून खालच्या पातळ्या छापलेल्या दिसतील, त्यावर जाऊ नका.

कॅनडाला एक्स्प्रेस एंट्रीने, म्हणजे तिथल्या गुणांवर चालणाऱ्या पद्धतीने, स्थलांतर करायचं असेल तर डेल्फ चालत नाही. टीसीएफ कॅनडा किंवा टेफ कॅनडा द्यावी लागते आणि गुण एनसीएलसी या कॅनडाच्या फ्रेंच पातळ्यांच्या मापात बदलले जातात. एक्स्प्रेस एंट्रीत फ्रेंचचे जादा गुण हवेत तर चारही कौशल्यांत एनसीएलसी ७ पाहिजे. टीसीएफ कॅनडाच्या भाषेत याचा अर्थ ऐकण्यात ६९९पैकी किमान ४५८, वाचनात ४५३, आणि लेखन व बोलणं प्रत्येकी २०पैकी १०. एका भागात कमी पडलं की तो फायदा हातचा गेला. इथे सरासरी उपयोगी पडत नाही, सगळ्यात लंगडा पाय मोजला जातो.

डेल्फमध्ये थोडी सवलत आहे. चार भाग, प्रत्येकी २५ गुण, पास व्हायला १००पैकी ५०, आणि कुठल्याही भागात ५च्या खाली जायचं नाही. वाचनात २२ मिळवणारा बोलण्यात ९ घेऊनही तरतो.

तासांचं गणित

शून्यापासून बी२पर्यंत ढोबळमानाने साडेपाचशे ते साडेसहाशे तास लागतात असं धरतात. 'तीन महिन्यांत बी२' ही जाहिरात दिसली की भागाकार करा: ६०० तास भागिले ९० दिवस, म्हणजे रोज साडेसहा तासांहून जास्त, एकही सुट्टी न घेता. ज्यांना तेवढा वेळ आहे त्यांनी करावं. बाकीच्यांनी रोजचा दीड तास धरून वर्षभराच्या वर हिशोब मांडावा.

आपण आत्ता कुठे आहोत हे अंदाजाने ठरवू नका. परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर नमुना प्रश्नपत्रिका फुकट मिळतात. ज्या पातळीचा विचार आहे तिचा एक पूर्ण पेपर घड्याळ लावून सोडवा. शब्दकोश नाही, मधे चहा नाही. बी२ला ऐकण्याचा भाग साधारण अर्धा तास, वाचन एक तास, लेखन एक तास. अडीच तास सलग बसून बघितलं की निम्म्या लोकांना एक वेगळाच शोध लागतो: फ्रेंचच्या आधी आपली बैठकच संपते.

ऐकणं आणि वाचन उत्तरं बघून तपासता येतं. लेखन आणि बोलणं तपासायला माणूस लागतो. पैसे मोजून शिकवणी लावायचीच असेल तर ती या दोन गोष्टींसाठी लावा. व्याकरण समजावून घ्यायला शिकवणी लावणं म्हणजे पोहणाऱ्याने काठावर बसून पाण्याचं वर्णन ऐकणं.

ऐकणं: दोन मिनिटं, पण पिळून

ऐकण्याचे गुण वाढवायला लोक फ्रेंच रेडिओ पाठीमागे लावून भांडी घासतात. सूर कानावर पडतो, वाईट काही नाही. पण गुण वाढत नाहीत. गुण वाढतात ते छोटा तुकडा घेऊन त्यावर बसल्याने.

आर.एफ.आय. या फ्रेंच रेडिओचं 'ल जूर्नाल आँ फ्राँसे फासील' नावाचं दहा मिनिटांचं बातमीपत्र आहे, आणि त्याची लेखी संहिता मिळते. त्यातली दोनच मिनिटं घ्या. एकदा नुसतं ऐका आणि मराठीत एका वाक्यात सांगा की विषय काय. दुसऱ्यांदा कोण, कुठे, किती एवढंच टिपा. मग वाक्या-वाक्याला थांबवून ऐकलं ते फ्रेंचमध्ये उतरवा. ऐकू आलं नाही तिथे रेघ मारून पुढे. चार-पाच वेळा ऐकूनही रेघ भरली नाही तर संहिता उघडा.

आता खरी गंमत. ज्या रेघा राहिल्या त्या अवघड शब्दांच्या नसतात. त्या 'इल नी आ पा', 'काँ', 'दोंक' अशा शब्दांच्या असतात, जे तुम्हाला दोन वर्षांपासून पाठ आहेत. लिहिलेला शब्द ओळखीचा, पण बोललेला अनोळखी. प्रत्येक रेघेपुढे कारण लिहा: शब्दच माहीत नव्हता, की दोन शब्द जोडले गेले, की अक्षर गिळलं गेलं? आठवडाभर हे केलं की तुमचे कान नेमके कुठे फसतात ते वहीत दिसतं.

शेवटी तोच तुकडा लावा आणि बोलणाऱ्याच्या मागोमाग, अर्धा शब्द मागे राहून बोला. पहिल्या दिवशी जीभ अडखळेल. तिसऱ्या दिवशी चाल बसते. एकूण वेळ चाळीस मिनिटं, सामग्री दोन मिनिटांची.

परीक्षेत प्रश्न आधी वाचायला वेळ देतात, तो वाचण्यासाठीच वापरा. बी२ला मोठ्या ध्वनिफिती दोनदा वाजतात, छोट्या एकदाच. एकदाच वाजणाऱ्यात एखादं वाक्य निसटलं तर निसटू द्या. त्याच्यामागे धावताना पुढची दोन जातात.

आकड्यांसाठी एक युक्ती. फ्रान्समध्ये फोन नंबर दोन-दोन आकड्यांच्या जोडीने सांगतात. 'स्वासाँत' ऐकलं की हात लगेच ६ लिहितो, आणि पुढे येतं 'दूझ', म्हणजे झाले ७२. 'कात्र-व्हँ' ऐकून ८ लिहावा तर पुढे 'कातोर्झ', म्हणजे ९४. त्यामुळे साठ आणि ऐंशीच्या घरात जोडी पूर्ण होईपर्यंत पेन उचललेलंच ठेवा. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये सत्तरला सरळ 'सेप्ताँत' आणि नव्वदला 'नोनाँत' म्हणतात. बाकी लहानपणी एकोणसत्तर आणि एकोणऐंशी पाठ केलेल्यांनी फ्रेंच आकड्यांबद्दल तक्रार करू नये.

उच्चार: काय फुकट मिळालंय, काय नाही

मराठी बोलणाऱ्याला फ्रेंचचा त, द, प, क आयताच येतो. इंग्रजीतला ट-ड विसरा, सरळ मराठी दंत्य 'त' म्हणा.

जे येत नाही ते तीन. पहिला 'यु' सारखा स्वर. ओठ 'ऊ'चे करा आणि तोंडातल्या तोंडात 'ई' म्हणा. याला पर्याय नाही, कारण 'वर' आणि 'खाली' हे दोन फ्रेंच शब्द फक्त या स्वराने वेगळे होतात: 'दस्यु' म्हणजे वर, 'दसू' म्हणजे खाली. चूक झाली तर अर्थ उलटाच.

दुसरे नाकातले स्वर. आपण अनुस्वार दिसला की पुढे न-म-ङ पूर्ण वाजवतो. 'अंक' म्हणताना जीभ मागे टेकतेच. फ्रेंचमध्ये ती कुठेच टेकायची नाही. 'बों' म्हणजे चांगला, 'बॉन' म्हणजे चांगली. न वाजला की लिंग बदललं. 'व्हँ, व्हाँ, व्हों' हे तीन रोज आरशासमोर म्हणा.

तिसरं म्हणजे शब्दांची जोडणी. 'ले' आणि 'आमी' सुटे म्हणत नाहीत, 'लेझामी' म्हणतात. आपल्याला संधी शाळेपासून माहीत आहे, तशी ही बोलण्यातली संधी समजा.

व्याकरण: मधे इंग्रजी नको

आपल्यातले बहुतेक जण फ्रेंच इंग्रजीतून शिकतात. पुस्तक इंग्रजीत, शब्दार्थ इंग्रजीत. मग वाक्य मराठीत सुचतं, डोक्यात इंग्रजीत उलटतं आणि फ्रेंचमध्ये मोडून बाहेर येतं. मधला थांबा काढला तर कितीतरी ठिकाणी मराठीच जवळची वाट निघते.

'ते मला आवडतं' घ्या. आवडणारी गोष्ट कर्ता, आणि 'मला'. फ्रेंचही तेच म्हणते: 'सा म प्ले'. 'मला वेळ हवा' हे 'इल म फो द्यु ताँ'. 'ऑन' या सर्वनामाचा अर्थ इंग्रजीत समजावताना पुस्तकं पानं भरतात. आपल्याकडे 'आपण' आहेच. 'ऑनी व्हा?' म्हणजे 'जायचं का आपण?' झालं. तू आणि तुम्हीचा फरकही आपल्या हाडात आहे: 'त्यु' आणि 'वू'. एवढंच लक्षात ठेवा की आपण घरच्या मोठ्यांनाही अहो-जाहो करतो, फ्रेंच माणूस आजोबांना बहुधा 'त्यु'च म्हणतो.

सब्जाँक्तीफ हे क्रियापदाचं रूप ऐकून लोकांच्या पोटात गोळा येतो. 'तू येतोस' आणि 'तू यावंस' यांत काय फरक आहे ते तुम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. एक घडतंय ते सांगतं, दुसरं घडावं असं वाटतं ते. 'त्यु व्हियँ' आणि 'इल फो क त्यु व्हिएन' यांतही तोच. जिथे मराठीत '-वं, -वास' येतंय तिथे फ्रेंचमध्ये सब्जाँक्तीफची शंका घ्या. दर वेळी लागू पडणार नाही, पण बऱ्याचदा पडेल.

भूतकाळात तर मराठीचा चक्क हात धरून चालता येतं. 'ती गेली': क्रियापद कर्त्याप्रमाणे. 'तिने लेख लिहिला, तिने चिठ्ठी लिहिली': क्रियापद कर्माप्रमाणे. फ्रेंचमध्ये 'एत्र' (असणे) लावून होणाऱ्या भूतकाळात रूप कर्त्याप्रमाणे बदलतं, आणि 'आव्हुआर'बरोबर (जवळ असणे) ते कर्माकडे बघतं, पण कर्म आधी आलं असेल तरच. 'तिने चिठ्ठी लिहिली' इथे फ्रेंचमध्ये कर्म क्रियापदानंतर येतं म्हणून काही बदलत नाही: 'एल आ एक्री ला लेत्र'. 'तिने लिहिलेली चिठ्ठी' म्हणताना फ्रेंचमध्ये चिठ्ठी क्रियापदाच्या आधी येते, म्हणून 'ला लेत्र केल आ एक्रीत'. तो शेवटचा 'त' कानालाही ऐकू येतो.

मराठी दगा देते तेही सांगतो. आपण बोलताना कर्म आणि जागा सर्रास गाळतो. "पेन आहेत का?" "आहेत दोन." फ्रेंचमध्ये नुसतं 'माझ्याकडे दोन आहेत' अर्धवट वाटतं, 'त्यातली'साठी 'आँ' घालावाच लागतो: 'जे दू' नव्हे, तर 'जाँने दू'. तीन वेळा मोठ्याने म्हणा. तसंच "जातोस का तिथे?" याला मराठीत "जातो" पुरतं, फ्रेंचमध्ये 'तिथे'चा 'ई' हवाच: 'जी व्हे'. हे दोन छोटे शब्द जागच्या जागी आले की ऐकणाऱ्याला तुमची फ्रेंच एकदम वरच्या पातळीची वाटते.

लिंगाच्या बाबतीत मराठीवर अजिबात विसंबू नका. चंद्र आपल्याकडे तो, फ्रेंचमध्ये 'ला ल्युन', ती. शब्द पाठ करताना 'ल' किंवा 'ला' चिकटवूनच पाठ करा.

लेखन: साठ मिनिटं कशी घालवायची

फ्रेंचमध्ये ऐकू येतं एक आणि लिहायचं असतं भलतंच. 'पार्ले' एकच ऐकू येतं, पण ते मूळ क्रियापद असेल, 'तुम्ही बोलता' असेल किंवा 'बोललेला' असेल. तिन्हींची अक्षरं वेगळी. जसं बोलतो तसं लिहिण्याची सवय असलेल्या आपल्याला हेच नडतं.

बी१ला किमान १६० शब्द लागतात, बी२ला २५०. शब्द मोजायची रीत माहीत असू द्या: दोन मोकळ्या जागांमधलं जे काही ते एक. लोपचिन्ह किंवा जोडरेघ मधे असली तरी एकच. म्हणून 'सेतादीर' ('म्हणजे') सारखा चार तुकड्यांचा शब्दही एकच धरतात.

समजा विषय आला: नगराध्यक्ष वाचनालय बंद करणार आहेत, रहिवाशांतर्फे पत्र लिहा. पहिली दहा मिनिटं पेन फक्त कच्च्या कागदावर. मी कोण, कुणाला, काय मागतोय. तीन कारणं, प्रत्येकाला एक ठोस उदाहरण. समोरचा काय म्हणेल (पैसे नाहीत), त्याला काय उत्तर. एक पर्याय. एवढं झालं की पत्र उभं राहिलं. मग चाळीस मिनिटं लेखन, दहा तपासणी.

'वाचनालय फार महत्त्वाचं आहे' हे वाक्य चूक नाही, पण त्याने काही हलत नाही. त्याऐवजी: 'सी ला बिब्लिओतेक फेर्मे, ले लीसेएँ नोरों प्ल्यु दाँद्रवा काल्म पूर त्रावाये.' वाचनालय बंद झालं तर शाळकरी मुलांना अभ्यासाला शांत जागाच उरणार नाही. एका वाक्यात परिणाम आला, माणसं आली, आणि 'जर-तर'चं रूपही दाखवून झालं. याच जागी 'जर'नंतरच्या क्रियापदाला 'रे' हा 'तर'कडचा प्रत्यय लावायची चूक हमखास होते. फ्रेंच मुलं शाळेत म्हणतात, 'ले सी नेम पा ले रे', म्हणजे 'सी'ला 'रे' आवडत नाही. ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

जोडशब्द डझनभर पुरेत, पण ते नेमके वापरता यायला हवेत. 'सेर्त... मे' म्हणजे आपलं 'खरं आहे, पण'. 'आँ र्व्हांश' म्हणजे 'उलट'. 'पार काँसेकाँ' म्हणजे 'त्यामुळे'. 'ब्यँ क' म्हणजे 'जरी', आणि त्यामागे सब्जाँक्तीफ. दर वाक्याला एक लावला तर पत्र शिवणकामासारखं दिसतं, सगळीकडे टाके.

तपासणीच्या दहा मिनिटांत मजकूर 'पुन्हा वाचू' नका, डोळा सवयीने पुढे सरकतो. एका फेरीत फक्त क्रियापदांचे शेवट बघा, दुसरीत लिंग-वचन, तिसरीत वर-खालच्या मात्रा. आणि तपासून मिळालेला प्रत्येक लेख दोन दिवसांनी, लाल शाई झाकून, पुन्हा लिहा. सगळे टाळतात ते नेमकं हेच. मीही सहा महिने टाळलं आणि तीच अकरा वाक्यं चुकत राहिलो. नवे वीस विषय लिहिण्यापेक्षा जुने पाच दोनदा लिहिलेले बरे.

टीसीएफ कॅनडाला एका तासात तीन छोटे लेख असतात: ६० ते १२० शब्दांचा निरोप, १२० ते १५०चा लेख, आणि दोन मतं वाचून स्वतःची बाजू मांडणारा १२० ते १८०चा. तिथे वेळेची वाटणी हीच अर्धी लढाई.

बोलणं: पाठांतर नको, साचा हवा

बी२ला दोन चिठ्ठ्या उचलून एक विषय निवडायचा, तीस मिनिटं तयारी, मग वीस मिनिटं बोलणं आणि वाद. तयारीत पूर्ण वाक्यं लिहू नका. लिहिलीत की ती वाचाल, आणि परीक्षकाला ते लगेच कळतं. शब्द, बाण, आकडे, बस.

रोज एक विषय घ्या आणि फोनवर तीन मिनिटं ध्वनिमुद्रित करा. ऐका. जिथे थांबलात तिथे काय म्हणायचं होतं ते शोधून लिहा, आणि लगेच तोच विषय पुन्हा बोला. मग तिसऱ्यांदा, दोन मिनिटांत. त्यानंतर माझी चूक टाळणारा भाग: त्याच विषयावर स्वतःला साधे प्रश्न विचारा. तुम्ही काय करता? तुमच्या घरी कसं? शेवटचं कधी? मोठमोठ्या मुद्द्यांखाली या गोष्टी दबून राहतात.

बी१ला एक प्रसंग वठवायचा असतो, तयारीला वेळ नसतो. बिघडलेली वस्तू परत करायची, समोरचा मुद्दाम नाही म्हणतो. आपण सभ्यपणे "बरं, ठीक आहे" म्हणून निघून येतो. इथे निघायचं नाही, हटायचं नाही. पावती आहे, काल तर घेतली, साहेबांशी बोलू द्या.

कॅनडाच्या परीक्षांत उलटी गोष्ट आहे. टीसीएफच्या दुसऱ्या तोंडी कामात आणि टेफच्या पहिल्या भागात माहिती तुम्ही काढायची, म्हणजे प्रश्न तुम्ही विचारायचे. आपल्याला उत्तरांची सवय असते, प्रश्नांची नसते. कुठलीही जाहिरात घ्या आणि तिच्यावर दहा प्रश्न करा, दहाही 'एस्क' या प्रश्नाच्या ठरलेल्या सुरुवातीने सुरू न करता.

अडखळल्यावर 'अं...' करण्याऐवजी 'आलोर', 'आँफँ', 'सेतादीर क' म्हणा. प्रश्न कळला नाही तर 'वू पुव्हे रेपेते, सिल वू प्ले?' म्हणायला लाज नको. अंदाजाने भलतंच उत्तर देणं महाग पडतं.

वाचनाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. प्रश्न आधी, मजकूर नंतर. उत्तर मजकुरातल्या ओळीवर बोट ठेवून. आणि रिकामं उत्तर सोडू नका.

पुस्तकाबाहेरची फ्रेंच

फ्रान्समध्ये पहिले दोन दिवस माणूस बहिरा होतो, कारण पुस्तकातली वाक्यं तिथे कुणी बोलत नाही. 'ज न से पा' म्हणजे 'मला माहीत नाही' हे तोंडात 'शे पा' होतं. 'ज स्युई'चं 'शुई', 'त्यु आ'चं 'ता', 'इल्या'चं नुसतं 'या'. नकारातला 'न' जवळजवळ गायब. 'आपण'साठी 'नू' सोडून 'ऑन'. आणि दर तिसऱ्या वाक्याला 'द्यु कू', आपल्या 'मग'सारखं. हे ओळखता आलंच पाहिजे. स्वतः बोलायचं की नाही ते माणूस बघून ठरवा. परीक्षकासमोर 'न' ठेवा, 'वू' ठेवा, आणि औपचारिक पत्रात 'द्यु कू' चुकूनही नको.

दुकानात, बसमध्ये, कार्यालयात शिरल्यावर पहिला शब्द 'बाँजूर'. त्याआधी प्रश्न विचारला तर तो कितीही शुद्ध असो, समोरचा दुखावतो.

घरबसल्या एकच सवय लावा. दिवसभरात मराठीत सुचलेलं पण फ्रेंचमध्ये न आलेलं एक वाक्य वहीत टिपा: 'जाऊ दे', 'तेवढ्यात फोन आला', 'मला वाटलंच होतं'. रात्री त्याचं फ्रेंच शोधा आणि दुसऱ्या दिवशी ते कुठेतरी वापरा, स्वतःशी का होईना. शंभर दिवसांत तुमच्याच बोलण्यातली शंभर वाक्यं तयार होतात, आणि ती कुठल्याच पुस्तकात एकत्र मिळणार नाहीत.

शेवटचे पंधरा दिवस

नवीन व्याकरण बंद. चार-चार दिवसांनी एकेक पूर्ण पेपर, आणि मधल्या दिवसांत त्याच्याच चुका. कागदावर पेनाने लिहायचा सराव ठेवा. टंकलेखनाची सवय झालेला हात तासाभरात दुखतो. परीक्षा संगणकावर असेल तर फ्रेंच कळफलकावर मात्रा कुठे आहेत ते आधी बघून घ्या. नोंदणीचं ओळखपत्र आणि त्यावरचं नाव अक्षर-अक्षर जुळतंय ना, हेही आताच तपासा.

निकालाच्या कागदावर चारही भागांचे गुण सुटे दिलेले असतात. पास झालात तरी तो कागद फाइलला लावण्याआधी सगळ्यात कमी आकडा कुठला ते बघून ठेवा. माझा बोलण्याचा होता, २५पैकी साडेनऊ. दुसऱ्याच दिवशी मी फोन समोर ठेवला आणि 'तुम्ही कसं करता' या प्रश्नाला तीन मिनिटं उत्तर दिलं.